तिसऱ्यांदा फायनान्शियल मॅनेजमेंट

बी.कॉम.चे बाकी सगळे पेपर सुटले आणि एकच राहिला, फायनान्शियल मॅनेजमेंट. त्यात मी दोनदा नापास झाले, आणि आता माझं वय सदुसष्ट. माझ्या बरोबरीच्या बायकांना गुडघे दगा देतात, मला भांडवलाने दिला.

घरी बसून शिकायच्या या अभ्यासक्रमाची मुदत संपत आली होती. आता एकदाच बसता येणार होतं. त्यात गेले तर आधी सोडवलेले सगळे पेपरही गेले, आणि पदवी दुसऱ्यांदा हुकली. पहिल्यांदा हुकली ती विसाव्या वर्षी. पहिल्या वर्षाची परीक्षा दिली, लग्न करून रंगाऱ्यांच्या घरात आले आणि कॉलेज सोडलं. कोणी सोडायला लावलं म्हणावं तर तेही नाही. सासरे म्हणाले होते, पुढे शीक. मीच मान उडवून म्हटलं, "मला आणखी काय शिकायचं राहिलंय?" ती मुलगी आज भेटली तर आधी तिचा कान धरीन.

दोन्ही वेळा मी एकाच गणितावर पडले. रविवारच्या वर्गात शिकवायला येणारी बाई माझ्या धाकट्या मुलीपेक्षा लहान. तिला मी माझं उत्तर वहीत परत मांडून दाखवलं. एका कारखान्याने आठ लाखांना यंत्र घेतलंय, ते आता जुनं झालंय. तेच चालवावं की नवं घ्यावं, एवढा प्रश्न. मी ते आठ लाख सगळ्यात वर लिहिले होते, खाली दोन रेघा मारून.

"अम्मा, हे आठ लाख इथे कशाला?" तिने कन्नडातून विचारलं.

"प्रश्नातच आहेत की."

"प्रश्नात मुद्दाम दिलेत, तुम्हाला पाडायला. ते खर्च होऊन गेले. नवं यंत्र घेतलं तरी परत येणार नाहीत, नाही घेतलं तरी येणार नाहीत. मग निर्णय घेताना त्यांना का विचारायचं? जुनं आज विकलं तर काय येईल, तेवढं धरा."

"घातलेलं धरायचंच नाही?"

"नाही. त्याला म्हणायचं सन्क कॉस्ट. बुडालं ते बुडालं."

आमच्या घरात असं कोणी बोललं असतं तर त्याला त्या दिवशी जेवायला वाढलं नसतं. रंगाऱ्याच्या घरचा नियम साधा होता. रंगाचा हंडा एकदा चुलीवर चढला की तो मोरीत ओतायचा नाही. त्यातला रंग कापडावरच संपवायचा. रंग ओतणं म्हणजे लक्ष्मी ओतणं.

म्हैसूरहून घरी, हूटगळ्ळीला जाणाऱ्या बसमध्ये बसले आणि मला एकाएकी तो मोरपंखी रंगाचा हंडा आठवला. तेव्हा मी सव्वीस वर्षांची. कमरेला किल्ल्या, नाक वर. सासरे आजारी होते म्हणून लग्नाच्या चोवीस साड्यांचं काम माझ्या हाती आलं आणि मला वाटलं, म्हैसूरचं राज्यच आलं. पहिल्या साडीचा रंग मळकट उतरला. शहाण्या बाईने हंडा ओतला असता, एका साडीचं नुकसान सोसलं असतं आणि नवा रंग केला असता. मी त्यात आणखी निळा घातला. मग हिरवा दिसेना म्हणून पिवळा. जाऊबाई दारातून म्हणाल्या, "ओतून टाक गं." मी म्हटलं, "इतका रंग घातलाय आणि ओतू?" जितका जास्त घातला तितकं ओतणं जड झालं. तीन दिवस मी तो हंडा ढवळला, सगळ्या चोवीस साड्या त्यात बुडवल्या, आणि त्या बाहेर आल्या तेव्हा हुबेहूब रागी मुद्द्याच्या, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याच्या, रंगाच्या होत्या. नवरीकडच्यांनी हात लावला नाही. सासूबाईंनी कात्री घेतली. पुढची सहा वर्षं घरातल्या आम्ही पाचही बायका मुद्द्याच्या रंगाचे परकर नेसत होतो.

बसमध्ये मी इतकी हसले की शेजारच्या बाईने पिशवी उचलून मांडीवर घेतली. एवढे परकर नेसून शिकलेली गोष्ट, आणि परीक्षेत मी दोनदा तीच चूक केली.

घरी आल्यावर फॉर्म काढला, तर आमचे हे कॉफी पीत बसले होते.

"अगं, दोन वेळची फी गेली. दोन वर्षं गेली. साकु आता, पुरे कर."

नात समोर मोबाइल घेऊन पसरली होती. ती कॉलेजात हाच विषय शिकते, त्यामुळे घरातली आमची अर्थमंत्री. ती म्हणाली, "अज्जी, आजोबा बरोबर सांगतायत. सन्क कॉस्ट. सोडून दे."

"मूर्ख," मी म्हटलं. "गेलेली फी धरायची नाही म्हणजे कुठल्याच बाजूने धरायची नाही. ती गेली म्हणून परीक्षेला बसायचं नाही, आणि ती गेली म्हणून सोडायचंही नाही. पुढचं बघ. एक फी, तीन महिने. समोर पदवी."

"आणि परत नापास झालीस तर?"

"तर तुझ्या आजोबांना बोलायला विषय मिळेल. तोही फायदाच."

तिने मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाली, "आण वही."

मग तीन महिने रोज सकाळी ओट्याशी शिकवणी. मी अवरेकाळूचे, म्हणजे पावट्याचे, दाणे सोलायची, ती प्रश्न विचारायची.

"आजचे शंभर रुपये मोलाचे की वर्षाने मिळणारे शंभर?"

"वर्षाने मिळणारे."

"अज्जी, चूक. आजचे. आजचे बँकेत टाकले तर वाढतात."

"आजचे तुझे आजोबा मिठाईवर उडवतात. या घरात वर्षाने मिळणारेच टिकतात."

"पेपरात असं लिहिशील ना, तर खरंच जाशील." पण ती हसत होती, आणि मी वर्षावर वर्ष मागे आणत रकमेचं आजचं मोल काढायला शिकले. कोष्टक तोंडपाठ झालं. त्या मान उडवणाऱ्या मुलीला हे जमलं नसतं. तिला चूक कबूल करायला यायचं नाही.

परीक्षेच्या दिवशी वर्गात शिरले तर मुलं उठून उभी राहिली. मी म्हटलं, "बसा," आणि त्यांच्यातच जाऊन बसले. मागून कोणीतरी म्हणालं, "मिस, सोपं काढलंय ना?"

पेपरात यंत्र होतंच. या वेळी बारा लाखांचं. ते बारा लाख लिहायला हात इतका शिवशिवला की मी डावा हात उजव्यावर ठेवला. मग आज विकून किती येतील ते लिहिलं, पुढच्या पाच वर्षांचा फायदा आजच्या मोलात आणला, नवं यंत्र घ्या म्हणून सांगितलं आणि खाली एकच रेघ मारली.

निकाल नातीच्या मोबाइलवर आला. ती स्क्रीनवर बोट सरकवत राहिली. ह्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि चष्मा पुसायला घेतला, जो आधीच स्वच्छ होता.

"पास," ती म्हणाली. "पस्तीस लागतात. तुला छत्तीस."

ह्यांनी चष्मा घातला. "एक जास्त कशाला घेतलास?"

"चुकलंच," मी म्हटलं. "तेवढा माल उगाच पडून राहिला."

नात माझ्या गळ्यात पडली, आणि हे उठून चप्पल घालायला लागले. कुठे निघालात विचारलं, तर म्हणाले, मिठाई आणायला, आजचे शंभर घेऊन.