सात नंबरचा पेशंट आणि गोलची रेषा

कमिशन मिळून चार महिने झाले होते. माझी पहिली फील्ड पोस्टिंग निघाली ती उज्जैनला. माझं घर माधव नगरात. एवढा मोठा देश पडला होता, पण फौजेने मला पाठवलं ते आईच्या स्वयंपाकघरापासून दोन मैलांवर. मी सैन्याच्या नर्सिंग सेवेत लेफ्टनंट होते. वय चोवीस. खांद्यावर तारे दोन, डोक्यात मात्र जनरलला पुरतील एवढे.

ते मध्यभारताचं शेवटचं वर्ष, छप्पन्न साल. नोव्हेंबरात हे राज्य नव्या मध्यप्रदेशात मिसळणार, हे ठरलं होतं. त्या पावसाळ्यात क्षिप्रा चढली, राम घाटामागच्या गल्ल्यांत पाणी शिरलं. मदतीला एक पलटण आली आणि तिच्या सोबत महूहून वीस खाटांचं रुग्णालय आलं. पाणी उतरलं, पण चिखल आणि पडकी घरं उरली. म्हणून तळ दसरा उलटेपर्यंत राहिला.

हे सगळं लिहायचं कारण एक फुटबॉल मॅच. मध्यभारत कपची फायनल, शेवटची. पलटण विरुद्ध कापड मिल. ज्यांनी ती पाहिली ते दर वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी माझ्या गॅलरीत जमतात, पोहे-जिलबी खातात आणि एकाच प्रश्नावर भांडतात: शेवटचा बॉल रेषेच्या आत गेला होता की नाही? पूर्वी वीस-पंचवीस जण यायचे. ते शेवटी माझ्याकडे वळत, कारण त्या वेळी गोलपोस्टच्या सगळ्यांत जवळ मी उभी होते. दोन पावलांवर.

तिथे मी कशी पोचले, ते आधी सांगते.

रुग्णालयाचा दिवस ठरलेला. ०५३० ला पहिला चहा, ०६०० ला टेंपरेचर, ०९०० ला डॉक्टर कॅप्टन साहेबांचा राउंड, १६०० ला माझा. राउंडच्या वेळी पेशंटनेही सावधान राहायचं असतं. उठता येत नसेल तर पडल्या पडल्या: टाचा जुळलेल्या, हात अंगालगत, नजर छताकडे. सिव्हिलियन लोकांना हे ऐकून हसू येतं. मला तेव्हा येत नसे. मी खाटांच्या रांगेतून अशी चालत असे, की जणू हा कायदा मीच लिहिलाय. आई एकदा डबा घेऊन गेटवर आली आणि संतरीला म्हणाली, "हमारी कुसुम को बुलाओ." मी बाहेर येऊन तिला म्हणाले, "इथे मला लेफ्टनंट म्हणायचं." आई म्हणाली, "बरं लेफ्टनंट, डबा धुऊन परत पाठव."

फायनलच्या तीन दिवस आधी लान्स नायक दौलत इंगळे भरती झाला. मलबा उपसताना पत्र्याने उजवा तळवा कापला होता, तर्जनीच्या खाली. बोट वाकवणारी शीर थोडक्यात वाचली होती. कॅप्टन साहेबांनी नऊ टाके घातले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, हे उसवलं तर हे बोट वाकणार नाही. ट्रिगरचं बोट आहे. मग मेडिकल बोर्ड, आणि घर." दौलतच्या घरी आई होती, लग्नाच्या दोन बहिणी होत्या, जमीन नव्हती. त्याच्या पगारावर चूल होती.

खाट नंबर सात. तेवीस वर्षांचा, हाडकुळा, हात मात्र सुपाएवढे. तो पलटणीचा गोलकीपर होता. तीन वर्षं ओळीने पलटण फायनलला येऊन मिलकडून हरली होती. आता कपही जाणार होता आणि संघही. पोस्टिंग ऑर्डर आल्या होत्या. अकरांतले सात पुढच्या महिन्यात सात दिशांना निघणार होते.

फायनलच्या सकाळी त्याने विचारलं.

"सिस्टर, दीड घंट्याची छुट्टी."

"नाही."

"बोट माझं आहे, सिस्टर. कप अकरांचा आहे."

"बोट सरकारचं आहे," मी म्हणाले. केवढं भारी वाक्य वाटलं होतं मला ते!

भरती झालेल्या पेशंटची वर्दी आणि बूट पॅक स्टोअरमध्ये जमा होतात. त्याला मिळतात रुग्णालयाचे निळे कपडे. मी स्टोअरला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या पट्ट्याला अडकवली. बुटांशिवाय जवान जाणार कुठे? झाला बंदोबस्त.

१६०० ला राउंड. सगळे पेशंट पडल्या पडल्या सावधान. त्यांत सात नंबर सगळ्यांत उत्तम. डोक्यापर्यंत चादर, एक सुरकुती नाही, हालचाल नाही. मी थांबले. वॉर्डला ऐकू जाईल असं म्हणाले, "बहुत अच्छे, सात नंबर. बाकी लोग इससे सीखो."

बाकी लोक खोकू लागले. एकदम सगळ्यांना खोकला कसा झाला, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.

१६१५ ला नर्सिंग सिपाही रामलाल थर्मामीटर घेऊन गेला आणि परत आला.

"सिस्टर, सात नंबरचं टेंपरेचर लागत नाही."

"का?"

"मुंडकं नाही."

तीन ब्लँकेटं गुंडाळून वर चादर घातली होती. मी ब्लँकेटांना शाबासकी दिली होती.

मी रामलालला घेतलं, ड्रेसिंगचा ट्रे आणि स्ट्रेचर घेतलं आणि निघाले. फ्रीगंज ओलांडलं तेव्हा दुकानं बंद दिसली. मैदानाबाहेरच्या झाडांवर माणसं होती, भिंतीवर होती, उभ्या टांग्यांच्या टपांवर होती. इतकी माणसं असून त्या क्षणी आवाज मात्र नव्हता. मला वाटलं, मॅच संपली.

पलीकडच्या गोलमध्ये तो दिसला. अंगात रुग्णालयाचा निळा कोट, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पाय अनवाणी. गोलकीपरला संघाहून वेगळा रंग लागतोच, म्हणून पंचांनाही काही खटकलं नव्हतं. बुटांचंही तसंच. त्या काळी निम्मे खेळाडू अनवाणीच खेळत. म्हणजे माझ्या कुलपाने बुटांखेरीज काहीही अडवलं नव्हतं.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या गोलसमोरची जागा रिकामी होती. मला वाटलं, ती वापरात नाही. मी सरळ मैदानात पाऊल टाकलं. पांढरा कडक युनिफॉर्म, डोक्यावर नर्सचा पांढरा रुमाल, मागे स्ट्रेचर घेतलेला रामलाल. गोलपासून दहा पावलांवर असताना लोक ओरडले. वळून पाहिलं तर एक माणूस बॉल घेऊन सुसाट माझ्यावर येत होता. मिलचा सेंटर फॉरवर्ड, हमीद. मागावरचा कामगार. उज्जैनमध्ये त्याचं नाव माहीत नाही असं माणूस शोधून सापडलं नसतं. समोर बाई पाहून त्याने स्वतःला असं थांबवलं की तो घसरून पडला. बॉल बाहेर गेला. शिट्टी वाजली.

हमीद धूळ झटकत उठला. "सिस्टरजी, ये मैदान है, वार्ड नहीं!"

मिलच्या बाजूने कोणी ओरडलं, "फौज बारह खिला रही है!"

मी दौलतसमोर उभी राहिले. "लान्स नायक इंगळे, स्ट्रेचरवर पड."

"मॅच के बाद, सिस्टर."

तेवढ्यात पलटणीचे कर्नल साहेब खुर्चीवरून उठून रेषेपर्यंत आले. मला वाटलं, आता माझं कोर्ट मार्शल.

"सिस्टर," ते म्हणाले, "पेशंट तुमचा. तुम्ही म्हणाल तसं. किती वाजलेत?"

"सोळा त्रेपन्न, सर."

"सतराला मॅच संपते. एका गोलने पुढे आहोत."

मी दौलतचा हात उघडला. दोन टाके उसवले होते. सात धरून होते. रक्त मनगटापर्यंत आलं होतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात विनवणी नव्हती. तो माझ्याकडे पाहतच नव्हता, तो माझ्या खांद्यावरून बॉल कुठे आहे ते पाहत होता. अशी नजर मी नंतर लढाईत पाहिली. त्या दिवशी पहिल्यांदा.

मी घट्ट पट्टी बांधली. "सात मिनिटं," मी म्हणाले. "मी इथून हलणार नाही."

"जी."

मी पोस्टच्या बाजूला उभी राहिले आणि ज्याला आपण पोरांचा खेळ समजत होतो तो बघितला. हमीद तीन माणसांमधून यायचा आणि तिघांनाही कळायचं नाही की तो गेला. दौलत त्याच्या पायांशी झोकून द्यायचा. एकदा डोक्यावरून जाणारा बॉल त्याने डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांनी वर उचलला, आणि त्याचे दोन्ही पाय माझ्या खांद्याच्या उंचीवर होते. शपथेवर सांगते. मी तोंड उघडं टाकून उभी होते. ट्रे केव्हा रामलालकडे दिला, आठवत नाही.

सोळा एकोणसाठला पेनल्टी मिळाली. मिलला.

हमीदने बॉल ठेवला. दौलत रेषेवर उभा राहिला, दोन्ही हात पसरून. हमीद धावला. बॉल दौलतच्या उजवीकडे आला, खाली, पोस्टलगत. माझ्याकडे. दौलत त्या टाक्यांच्या हातावर पडला.

मग एवढा मोठा आवाज झाला की मला तो पायांत जाणवला. दौलत पालथा पडला होता, बॉल हाताखाली, रेषेवर. मिलवाले "गोल!" ओरडत होते, फौजवाले नाचत होते. पंच धावत आले, बॉल पाहिला आणि हात हलवला. गोल नाही. शेवटची शिट्टी. कप पलटणीचा.

पांढऱ्या बॉलवर लाल पंजा उमटला होता. चार बोटं आणि अंगठा, स्पष्ट.

१८३० ला मी कॅप्टन साहेबांना टाके घालायला मदत करत होते. एकूण पाच उसवले होते. शीर शाबूत होती. साहेब हात धुवायला गेले तेव्हा दौलतने विचारलं.

"सिस्टर, माझं तोंड मातीत होतं. मला दिसलं नाही. तुम्ही तिथेच होता. आत होता का बाहेर?"

"पंचांनी सांगितलं ना?"

"पंच लांब होते. आत असेल तर सांगा. मी कर्नल साहेबांकडे जाईन. असला कप मला नको."

तो जाणार होता, त्यात मला शंका नव्हती.

"बाहेर," मी म्हणाले. "एक बोटभर बाहेर. मी डोळ्यांनी पाहिलं."

तो हसला आणि पाच मिनिटांत झोपला. टाके घालताना झोपलेला तो मी पाहिलेला एकमेव पेशंट.

ते बोट बरं झालं. पूर्ण वाकू लागलं. बोर्डाने त्याला फिट ठरवलं. तो दुसऱ्या पलटणीत गेला. आमच्या नर्सिंगची तारीफ झाली आणि मी आठवडाभर तोऱ्यात फिरले.

बासष्टच्या हिवाळ्यात मी पूर्वेकडच्या एका बेस हॉस्पिटलमध्ये होते. बर्फाने पाय गेलेला एक शिपाई आला. माझ्या नावाच्या पट्टीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आप उज्जैन वाली सिस्टर हैं? फुटबॉल वाली?"

त्याच्या चौकीचा सेक्शन कमांडर दौलत होता. तोवर हवालदार झाला होता. चौकीवर दुसरं काही करायला नसे, तेव्हा तो ती मॅच सांगे. शेवटी कोणीतरी मुद्दाम विचारायचं, "उस्ताद, बॉल अंदर थी ना?" आणि तो म्हणायचा, "बाहर थी. सिस्टर साहिबा ने खुद देखी है. अफसर झूठ नहीं बोलते."

"हवालदार साहब कहाँ हैं?" मी विचारलं.

"वहीं हैं," तो म्हणाला. "मशीनगन पर थे. हमें पीछे भेज दिया."

मी त्याचे पाय बांधले. वॉर्डमध्ये आणखी एकतीस जण होते.

तर गॅलरीतले म्हातारे. मी त्यांना पन्नासहून अधिक वर्षं खेळवलं. फौजवाल्यांना म्हणायचे बाहेर, मिलवाल्यांना डोळा मारायचे. दोघेही खूश होऊन पोहे मागायचे. यंदा एकटे हमीदभाई आले. नातवाने स्कूटरवरून आणून सोडलं आणि तो बाजारात गेला. हमीदभाईंचे गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"सिस्टरजी, मरने से पहले बता दो. अंदर थी. मैंने मारी थी, मुझे मालूम है."

दर वर्षी हेच. या वर्षी काय झालं कोण जाणे, मी खरं सांगितलं.

"हमीदभाई, मी पाहिलंच नाही. तो उजव्या हातावर पडणार हे दिसलं आणि मी डोळे मिटले. टाक्यांच्या भीतीने. उघडले तेव्हा आवाज झालेला होता."

ते बघतच राहिले. "पचास साल हम एक अंधी गवाह के पोहे खाते रहे?"

"हो."

ते एवढे हसले की मी पाणी आणलं. मग मी त्यांना दौलतने विचारलेलं सांगितलं, मी दिलेलं उत्तर सांगितलं, आणि त्या चौकीवरचं सांगितलं. ते आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. वाईट वाटतं ते खोटं बोलल्याचं नाही. त्या खोट्यावर तो शेवटपर्यंत निर्धास्त राहिला, आणि त्याची परतफेड करायला मला कधी मिळालं नाही, याचं.

जिलबी ताटलीत तशीच राहिली. मग हमीदभाई काठीवर जोर देऊन उभे राहिले. त्यांना उभं राहायला आता मिनिटभर लागतं.

"सिस्टरजी," ते म्हणाले, "आपकी आँखें बंद थीं. मेरी खुली थीं. बाहर थी."

"हमीदभाई..."

"एक उंगल बाहर. मैंने खुद देखी है."

मग त्यांनी कपाळाला हात लावला. फौजी सलाम नव्हता तो, त्यांना तो कधी शिकवला नव्हता. मी मात्र उभी राहिले, टाचा जुळवल्या, हात अंगालगत घेतले.

हवालदार दौलत इंगळे. गोलकीपर. बॉल बाहेर होता.