बाटलीचं जन्मगाव

आमच्या वरच्या मजल्यावरचे चाचा अमेरिकेला कधी गेलेले नाहीत, पण तिथल्या जुन्या काचकारखान्यांची त्यांना आपल्या श्रीवर्धनच्या गल्ल्यांइतकी माहिती आहे. जुनी रिकामी बाटली हातात घेऊन तिचं गाव, गोत आणि वय सांगणारा असा माणूस अख्ख्या कुवेतात दुसरा सापडणार नाही. तरुणपणी ते एका अमेरिकन इंजिनिअरची गाडी चालवत. एकदा वाळवंटात, तेलवाल्यांच्या जुन्या तळाजवळ, त्यांच्या पायाला एक बाटली लागली. साहेबाने ती उलटी केली, बुडावरचं अक्षर दाखवलं आणि ती कुठे तयार झाली ते सांगितलं. पुढे साहेब मायदेशी गेला, चाचा सुलैबियातल्या एका गोदामात स्टोअरकीपर झाले, पण तेव्हापासून जगातली कुठलीही बाटली त्यांना सरळ उभी बघवत नाही. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी सॉसची बाटली बूड वाचण्यासाठी उलटी केली. झाकण सैल होतं. बायकोच्या नव्या टेबलक्लॉथवर लाल पूर आला आणि चाचा शांतपणे म्हणाले, "बेटी, मशीनची आहे. हिच्यात काही दम नाही."

दम असतो तो हाताने घडवलेल्या बाटलीत. अंगावरची साच्याची शिवण नखाने चाचपत वर जायचं. ती थेट ओठावरून पलीकडे गेली तर मशीनची, मानेतच विरली तर ओठ कारागिराने हाताने वळवलेला, म्हणजे बाटली शंभरी ओलांडलेली. हे त्यांनी मला लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या रांगेत आणि एकदा मयताच्या घरीही समजावून सांगितलंय. काही जुनी पांढरी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळी पडते, म्हणून फरवानियातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी तीसेक बाटल्या उन्हाला लावल्या आहेत. "अल्लाने एवढं ऊन फुकट दिलंय, वापरायला नको?" असं त्यांचं म्हणणं. चाचींचं म्हणणं वेगळं. "माझ्या केसांचा रंग बदलला तो यांना दिसला नाही. बाटली जरा जांभळी झाली की मला जिने चढायला लावतात."

त्या तीसेक बाटल्यांतल्या निम्म्या जुन्या अमेरिकन व्हिस्कीच्या. दारूबंदीच्या देशात हे दृश्य इमारतीच्या राखणदाराने पाहिलं आणि मालकाला कळवलं. साठीचा मालक तणतणत गच्चीवर आला. पाच वेळा नमाज पढणारे, खोकल्याचं औषधही हुंगून नाकारणारे चाचा त्याच्यासमोर उभे राहिले आणि अस्खलित अरबीत शिवणीपासून सुरू झाले. तासाभराने मालक स्वतः एका बाटलीची मान नखाने चाचपत होता. जाताना म्हणाला, "माझ्या आईकडे एक बाटली आहे. बघाल?"

शुक्रवारी मी चाचांना गाडीतून दस्मानला घेऊन गेलो. समुद्राजवळच्या त्या घरात नव्वदीची आई पांढऱ्या कापडात गुंडाळलेली निळी बाटली मांडीवर घेऊन बसली होती. ती अरबीत सांगत होती ती हकीकत चाचा मला मराठीत सांगत गेले. ती लहान असताना तिची आई आजारी पडली आणि त्याच हंगामात गलबतावर काम करणारे वडील समुद्रावर निघून गेले. परतले ते आई गेल्यानंतर, ही बाटली घेऊन. "अमेरिकेची आहे," एवढंच म्हणाले आणि ती मुलीच्या हातात दिली. "माझी आई मरत होती," म्हातारी म्हणाली, "आणि हे अमेरिका फिरत होते." पुढे बाप-लेकीत त्यावर कधी शब्द झाला नाही.

चाचांनी शिवण चाचपली, बूड वाचलं. "अमेरिकेचीच. पिट्सबर्गच्या बाजूची." म्हातारीने मान हलवली. तिचा राग खरा ठरला होता. खरं तर काम संपलं होतं, पण चाचांनी बाटलीच्या पाठीला चिकटलेल्या कागदाच्या तुकड्यावर भिंग धरलं आणि त्यांचा चेहरा बदलला. घरच्यांना तो आजवर नुसता डाग वाटत आला होता. त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं.

"वाच. माझे डोळे फसवतायत का बघ."

पुसट शाईत, हाताने लिहिलेली देवनागरी. रोज दोन वेळा. हलवून घेणे.

"सांगू का तिला?" चाचांनी हळूच विचारलं. बाटलीबद्दल कधी कुणाचा सल्ला न घेतलेला हा माणूस.

"सांगा," मी म्हटलं.

ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. "अम्मा, काच अमेरिकेची. पण हे अक्षर आमच्याकडचं. रोज दोन वेळा, हलवून घेणे, असं लिहिलंय. मुंबईच्या कुणा औषधवाल्याने जुनी रिकामी बाटली भरून दिली असणार. तुमचे वडील मुंबईला गेले होते. तळाशी सुकलंय ते औषध आहे. बूच उघडलेलंच नाही."

मालकाने खिडकीकडे तोंड फिरवलं. म्हातारी बाटलीच्या बुचावरून अंगठा फिरवत राहिली.

"म्हणजे उशीर झाला त्यांना," ती म्हणाली. मग चाचांना म्हणाली, "तिथे काय लिहिलंय ते परत वाचा. तुमच्याच भाषेत."

चाचांनी वाचलं. तिने त्यांच्यामागून एकेक शब्द म्हटला, लहान मूल धडा गिरवतं तसा. 'वेळा'तला ळ तिच्या जिभेला काही केल्या वळेना. चाचांनी तो दुरुस्त केला नाही. ती म्हणेल तितक्या वेळा ते वाचत राहिले.