सांबाराच्या जुड्या आणि चार छपरं

आमच्या रोहणा गावात मधुकररावांइतका संशयी माणूस दुसरा नाही. भेंडीचं नवं बियाणं आलं की आधी चार ओळी लावणार, दोन महिने बघणार, मगच वावरात घालणार. लग्नासाठी मुलगी पाहायलाही तीनदा गेले होते, असं त्यांची बायको धुरपताबाई सांगते. मी त्यांची शेजारीण, शाळेत शिकवते. भिंतीला भिंत लागून आहे, त्यामुळे त्यांच्या घरातलं मला विचारावं लागत नाही, आपोआप ऐकू येतं.

आयुष्यात एकदाच हा माणूस घाईने वागला. सहा वर्षांपूर्वी वांदरांनी घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फोडून फोडून त्यांना जेरीस आणलं, तेव्हा चिडून त्यांनी सगळे कवेलू उतरवले आणि टिनं ठोकली. वांदरं हरली, पण घराची भट्टी झाली. धुरपताबाई रोज दुपारी बारा ते चार त्याच टिनाखाली बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी भाजी निवडते, जुड्या बांधते. गेल्या मे महिन्यात मेथीची जुडी हातात असतानाच तिला भोवळ आली. तेव्हापासून मधुकररावांच्या डोक्यात छप्पर शिरलं. यंदा मार्चच्या वादळात निम्मी टिनं उडाली, ती त्यांनी कशीबशी परत ठोकली आणि जाहीर केलं, "आता जे टाकीन ते मरेपर्यंत टिकलं पाह्यजे. अन् हिले त्याच्याखाली ऊन लागलं नाई पाह्यजे."

मुलगा स्वप्निल वर्ध्याला नोकरीला. त्याने फोनवर एका शब्दात निकाल दिला, "स्लॅब." मातीच्या भिंती स्लॅब कसा पेलणार, याचा विचार त्याने केला नव्हता. माझं घर स्लॅबचं, म्हणून मी त्याची बाजू घेतली.

"मास्तरीनबाई, मंग मे महिन्यात तुमी आमच्या लिंबाखाली काऊन येऊन बसता?" मधुकररावांनी विचारलं.

मग त्यांनी बियाण्यासारखीच छपरांची परीक्षा घेतली. अंगणात बल्ल्या रोवून खाटेएवढे चार मांडव केले. एकावर साधं टिन, दुसऱ्यावर सिमेंटचा पत्रा, तिसऱ्यावर दुकानदाराने नमुन्याला दिलेला लाल रंगाचा पत्रा. चौथ्यावर जुने कवेलू घालायचे होते, पण खालच्या लाकडी पट्ट्या पुरल्या नाहीत, म्हणून उरलेल्या टिनावरच कवेलू मांडून दिले. प्रत्येक मांडवाखाली सांबाराची एकेक जुडी. सांबार म्हणजे कोथिंबीर. उन्हाची झळ तिला सगळ्यांत आधी कळते, हे भाजीवाल्याला शिकवावं लागत नाही. बाराला जुडी ठेवायची, तीनला उचलून पाहायची.

"मानूस खोटं बोलन, सांबार नाई बोलनार," ते मला म्हणाले.

पहिल्या दिवशी तीन वाजता चारही जुड्या हिरव्यागार. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर साध्या टिनाखालची जुडी सगळ्यांत ताजी! मधुकरराव चक्रावले, पण आपल्या परीक्षेवर त्यांचा भारी विश्वास. "म्हंजे टिनच चांगलं होतं. उगाच बदनाम केलं त्याले." चौथ्या दिवशी दुपारी ते नवी टिनं आणायला आर्वीला निघालेसुद्धा. चपला पायात होत्या.

तेवढ्यात धुरपताबाई पाण्याची बादली घेऊन अंगणातून गेली, आणि चालता चालता चारही जुड्यांवर पाणी शिंपडून पुढे झाली.

"अवं, हे काय करून राह्यली?"

"काय केलं?"

"पानी शिंपडलं तू!"

"मंग? सुकून राह्यल्या होत्या जुड्या. रोजच शिंपडते मी. टिनाखालचीवर दोनदा."

अंगणाच्या भिंतीवरून डोकावताना मला हसता हसता ठसका लागला. मधुकररावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "चार दिवसांची मेहनत पान्यात घातली हिनं!"

"सुकती भाजी दिसली का हात थांबत नाई. तुमचा थांबते का?"

त्यांचाही थांबत नाही, हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे. त्यांनी चपला काढल्या, खाटेवर बसले, आणि हळूच म्हणाले, "जुड्यांवर तू पानी शिंपडलं. सहा वर्षं त्या टिनाखाली तू बसून राह्यली, तुह्यावर कोनं शिंपडलं वं?"

माझं हसू तिथेच थांबलं. धुरपताबाईने पदराने तोंड पुसलं. "सांबाराले काय इचारता? मले इचारा ना. बसायचं तं मले हाये."

मग ती रोज एका मांडवाखाली भाजी घेऊन बसली. साध्या टिनाखालून पंधरा मिनिटांत उठली. सिमेंटच्या पत्र्याखाली तासभर टिकली. लाल पत्र्याला म्हणाली, "रंग झकास, गरमी तेवढीच." चौथ्या दिवशी टिनावरच्या कवेलूंखाली तिने दोन जुड्या बांधल्या, तिसरी हातात घेतली आणि बल्लीला टेकून चक्क झोपली. इतक्या वर्षांत मी तिला दिवसा झोपलेली पाहिली नव्हती.

नेमकं तेव्हाच लिंबावरून एक वांदर धप्पकन मांडवावर पडलं. एक कवेलू फुटला, खालच्या टिनाला काहीही झालं नाही. धुरपताबाईने झोपेतच नुसती मान वळवली. मधुकरराव काठी घेऊन धावले, पण तोंडातून आवाज काढला नाही. चार वाजेपर्यंत ते उन्हात पहारा देत उभे होते, आणि मधूनमधून वाकून तिच्याजवळच्या जुड्यांवर अगदी हलक्या हाताने पाणी शिंपडत होते.

पावसाआधी घरावर खाली टिन आणि वर कवेलू चढले. धुरपताबाई आता दुपारी तासभर झोपते, आणि तेवढा वेळ जुड्या मधुकरराव बांधतात. फार सैल बांधतात, असं ती मला सांगते, पण सोडून परत बांधत नाही.