कोडमध्ये नसलेली कमांड

मी प्रोग्रामर माणूस. भूतखेत मानत नाही, गावाकडे मुंज्याच्या गोष्टी निघाल्या की सांगणाऱ्याची हमखास टर उडवायचो. तरी हे लिहितोय, कारण डोक्यातून जातच नाही...

मी नांदेडला विष्णुपुरीत खोली करून राहतो. आमच्या छोट्या कंपनीचं वेब ॲप आहे – शेतातली मोटार घरबसल्या चालू-बंद करायचं. दोन बटणं दाबली की कमांड मेनू उघडतो; कमांड निवडायची, एंटर मारायचं. प्रत्येक कमांडचा कोड वेगळा, नुसता गुंता. तो सोडवून सगळ्यांना लागणारा भाग एका जागी आणायचं काम माझ्याकडे आलं. चाचणीला मोटार कुठली आणणार? शिरूर अनंतपाळची आमचीच विहीर जोडून टाकली. 'खात्री आहे का?' हा प्रश्न सारखा आडवा येतो म्हणून तोही तात्पुरता काढला.

दुपारी मेनू उघडला. 'मोटार चालू', 'मोटार बंद', आणि खाली आणखी एक ओळ – 'थांब की जरा'.

ऑफिसातल्या कुणाची तरी मस्करी, दुसरं काय. सगळा कोड धुंडाळला – कुठेच नाही. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला... ओळ तिथेच. जाम चिडलो. म्हटलं मरू दे, मोटार चालू करून बघू. एंटरवर बोटही ठेवलं, पण मन होईना. शेवटी आईला फोन लावला, मोटार चालू करू का म्हणून विचारलं.

"थांब की जरा," आई म्हणाली. "अण्णा हिरीत उतरलेत. मोटारीत कचरा अडकलाय, हातानं काढून राहिलेत."

मी कीबोर्ड लांब सरकवला. स्क्रीनकडे पाहिलं तर ती ओळ गेली होती.

संध्याकाळी फोनवर अण्णांना, म्हणजे वडिलांना, खूप बोललो. फ्यूज काढून खिशात टाकल्याशिवाय अण्णा कधी विहिरीची पायरी उतरले नाहीत, मग आज काय झालं?

"मोबाईलवर बंद दाखवत होतं," अण्णा म्हणाले. "तूच बनवलंस न्हवं ते ॲप? मग फ्यूज कशाला काढू?"



ऑफिसातले म्हणतात, जुनं काहीतरी ब्राउझरमध्ये अडकलं असेल. असेलही. पण आईचे शब्द, आई बोलायच्या आधी?

काम कधीच संपलं, 'खात्री आहे का?' परत बसवलंय. तरी मोटार चालू करायच्या आधी मी घरी फोन करतो. अण्णा वैतागतात, "वर हाय मी, लाव" म्हणतात. मग एंटर मारतो... पण आधी मेनूची खालची ओळ बघून घेतो.