स्लाइडवरची बाई

"बाई, वाका की आणखी. पाया पडल्यागत दिसाय पायजे."

फोटोग्राफर असं म्हणाला आणि माझी आई टॉकीजच्या स्टेजवर दुसऱ्यांदा वाकली. पहिल्या वेळी फ्लॅश उडाला नव्हता.

पंचगंगेच्या पुरात आमचं घर पडलं होतं. शहरातल्या एका मंडळानं चादर पसरून गल्लोगल्ली मदतफेरी काढली. मग पूरग्रस्तांसाठी म्हणून सिनेमाचा खास खेळ लावला. मध्यंतरात वाटप. इतरांच्या हातात ब्लँकेट दिलं. आमच्या बौद्धवस्तीतल्या बायांच्या हातात वरून सोडलं, बोटाला बोट लागू नये म्हणून. फोटोपुरतं तेवढं मंडळाच्या अध्यक्षांनी आईच्या ब्लँकेटचं टोक धरलं. हीच आई, आधीच्या दुष्काळात अशीच फेरी आली तेव्हा आपलं एकुलतं बरं लुगडं चादरीत टाकून आली होती. तेव्हा कुणाला फोटो सुचला नाही.

फोटोची काचेची स्लाइड झाली. त्या टॉकीजला प्रत्येक खेळाआधी, दंतमंजनाच्या जाहिरातीमागोमाग, आई पडदाभर वाकायची. वर अध्यक्षांचं नाव ठळक. खाली आई म्हणजे 'एक गरजू महिला'.

मला यातलं काही माहीत नव्हतं. सातवीत होते. वर्गातल्या पोरींबरोबर मॅटिनीला गेले आणि आई पडद्यावर आली. मागून शिट्टी पडली. शेजारच्या पोरीनं कोपरानं ढोसलं.

"अगं, तुझी आई न्हवं ही?"

"न्हाय," मी म्हणाले. "आमची कोण न्हवं."

आणि सिनेमा पुरा बघितला. हसलेसुद्धा. याची लाज मला आज पन्नाशी उलटली तरी वाटते. अध्यक्षांचा राग येतो तो त्याच्यानंतर.

घरी जाऊन आईला सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"मी वाकलो ते तुमच्या पांघरुणासाठनं. तू कशासाठनं वाकलीस?"

पुढच्या रविवारी मी एकटीच टॉकीजला गेले. स्लाइड आली तशी बाकावर उभी राहिले आणि ओरडले, "ही माझी आई हाय. घर पडलं म्हणून आल्ती. भीक मागाय न्हाय." लोक म्हणाले, खाली बस. डोअरकीपरनं दंडाला धरून बाहेर काढलं. स्लाइड काही उतरली नाही. दिवाळीपर्यंत चालली.

आता मी मुख्याध्यापिका आहे. पूर आला की आमच्या शाळेत छावणी असते. मदतीचे टेम्पो येतात. चार पोती आणि चौदा मोबाइल. मी दारातच सांगते, फोटो मिळणार नाही. गेल्या पुरात एक टेम्पो तसाच मागं फिरला. छावणीतल्या बायका माझ्यावर तुटून पडल्या. एकजण म्हणाली, "तुमचं पोट भरल्यालं हाय, बाई." खरं होतं ते. मी ऐकून घेतलं. संध्याकाळी आम्ही शिक्षकांनी आपापल्या घरची अंथरुणं आणून टाकली. ती पुरली नाहीत. काहीजणी फरशीवर निजल्या, हेही मी विसरणार नाही.

तरी पुढच्या पुरात मी दारातच उभी असेन. ज्याला द्यायचंय त्यानं मोबाइल खिशात घालून आत यावं. नाहीतर टेम्पो वळवावा.