रविवारचा उपास आणि खाडीवरची कालवं

साबुदाण्याची खिचडी मी उत्तम करतो. हे माझं मीच सांगतोय, कारण मी पुण्याचा आहे आणि दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघत बसलो तर दाण्याचं कूट खवट होईल. अमेरिकेत आम्ही राहतो त्या हर्नडनमध्ये आमच्या ओळखीची पाच-सहा मराठी घरं आहेत. महाशिवरात्र जवळ आली की त्या सगळ्यांचे फोन मलाच येतात. या खिचडीनं मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं.

माझ्या सासूबाई वेंगुर्ल्याजवळच्या एका खाडीकाठच्या गावच्या. सासरे गेले तेव्हापासून बायको त्यांच्या मागे लागली होती, की आमच्याकडे ये, थोडे दिवस राहा. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळता मिळता दीड वर्ष गेलं. शेवटी त्या आल्या, चांगल्या सहा महिन्यांसाठी. बायकोनं खालची खोली रंगवून घेतली, बाथरूममध्ये बादली आणि तांब्या ठेवला, आणि आमच्या दहा वर्षांच्या मुलीनं दारावर मराठीत पाटी लावली. त्यातला 'स्वागत'मधला 'ग' उलटा होता, पण भावना सुलट होती.

आल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी ताटात वरण-भात, भेंडीची भाजी आणि पोळी होती. सासूबाईंनी ताटाकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "आज बुधवार ना?"

मी पडलो हुशार. लगेच विचारलं, "उपास असतो का, आई?"

त्या जरा अडखळल्या. "अं... हो," म्हणाल्या.

त्या दिवशी घाईघाईनं केळं आणि दूध दिलं. शुक्रवारी त्या ताटावर बसल्या आणि म्हणाल्या, "शुक्रवार आला वाटतं." आणखी एखादा वार निघालाच तर, म्हणून मी तयारीतच होतो, चार तास साबुदाणा भिजवून ठेवला होता. रविवारी पुन्हा तेच. मी ऑफिसात डेटाचं काम करतो. आम्हाला तीन ठिपके मिळाले की आम्ही रेघ ओढून मोकळे होतो. सासूबाईंचे आठवड्यात तीन उपास असतात, अशी मी रेघ ओढली. मग बुधवार, शुक्रवार, रविवार मी न चुकता खिचडी करू लागलो. वर लिंबू, बाजूला दही. त्या मुकाट्यानं खायच्या आणि म्हणायच्या, "जावईबापू, किती करता हो तुम्ही." मला वाटायचं, कौतुकच चाललंय.

बायकोलाही यात काही वावगं वाटलं नाही. बाबा गेल्यापासून आईनं उपास धरले असतील, असं तिनं मनाशी ठरवलं. एक-दोनदा तिचे डोळेही भरून आले. मी तिची समजूत काढली आणि मिरच्या चिरायला घेतल्या.

असे सहा आठवडे गेले. एका शुक्रवारी खिचडी संपवून ताटली ठेवता ठेवता सासूबाई म्हणाल्या, "माझं तिकीट जरा अलीकडचं मिळेल का हो?"

"का, आई? काय झालं?"

"काही नाही. घर बंद आहे. नारळ पडत असतील."

बायको सिंकपाशी उभी होती. तिनं नळ मोठा केला. नंतर खोलीत मला म्हणाली, "नारळाचं काय घेऊन बसलास? तिला माझ्याकडे करमतच नाहीये यार. अठरा वर्षं झाली मला इथे येऊन, पहिल्यांदा आई माझ्या घरी आली, आणि सहा आठवड्यांत तिला परत जायचंय. माझं घर तिला आपलं वाटत नाही."

मी तिकिटाचं सोमवारी बघतो म्हणालो. मधला रविवार हातात होता. त्या एका दिवसात काही जमलं तर जमलं.

आता कुठे न्यायचं? आमच्या फ्रिजवर दोन वर्षांपासून एक फोटो आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या कडेला खाऱ्या पाण्याचं एक मोठं तळं आहे आणि त्याच्या काठी एक चिमुकलं गाव. तळ्यात लाकडी मांडव रोवलेत आणि त्यांना बांधलेल्या दोरांवर ऑयस्टर वाढवतात. बायकोला ते गाव बघायचं होतं. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला आम्ही तिकिटंही काढली होती. पण माझ्या व्हिसाची कागदपत्रं अडकली. बाहेर गेलो आणि परत येताना स्टॅम्पिंगला, म्हणजे व्हिसाच्या शिक्क्यासाठी, लटकलो तर काय घ्या, म्हणून सगळं कॅन्सल केलं. इथल्या आमच्यासारख्यांचे अर्धे प्रवास असे फ्रिजवरच होतात.

"ते तळं नाही तर नाही," मी म्हणालो, "आपली इथली खाडी तर आहे. तीन तासांवर गाव आहे, तिथेही ऑयस्टरची शेती करतात. जाऊ या."

बायकोनं माझ्याकडे संशयानं बघितलं. "तू? ऑयस्टर बघायला?"

तिचा संशय रास्त होता. मी जन्मात मासा खाल्लेला नाही. आमच्या घरातही कधी शिजला नाही. बायकोला खावासा वाटला तर ती बाहेर खाते आणि घरी येऊन आधी दात घासते. हे आमच्यात कधी बोलून ठरलं नव्हतं. आमच्या लग्नाच्या बोलणीत माझ्या आईनं गोड आवाजात एक वाक्य टाकलं होतं, "आमच्या घरात चालत नाही हो." मी तेव्हा बाजूला बसून चिवडा खात होतो. ते वाक्य मग पुण्याहून हर्नडनला आलं आणि आमच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसलं.

रविवारी सकाळी निघालो. सासूबाईंच्या उपासाचा डबा अर्थातच मी बरोबर घेतला होता.

गाव म्हणजे एक रस्ता, एक चर्च, पांढरी लाकडी घरं आणि पाण्यात गेलेले धक्के. झाडांची पानं पिवळी पडायला लागली होती. आम्ही जिथे गेलो त्या शेतीची मालकीण साठीची असेल. मांडीपर्यंत रबरी बूट, केस पांढरे, हात सुतारासारखे. तिनं पाण्यातून जाळीचा एक पिंजरा वर ओढला आणि त्यातला ढीग टेबलावर ओतला.

सासूबाई तोवर शाल लपेटून गाडीपाशीच उभ्या होत्या. खडखडाट ऐकून दोन पावलं पुढे आल्या. मग आणखी दोन. मग त्यांनी शाल माझ्या हातात दिली.

"गो बाये," त्या बायकोला म्हणाल्या, "ही तर कालवां!"

सहा आठवडे त्या आमच्याशी अगदी पुस्तकातलं मराठी बोलत होत्या. आता एकदम त्यांच्या गावचं मालवणी बाहेर पडलं. आमच्या खडपावर हीच असतात, पण ही केवढी मोठी. आम्ही ओहोटीला जायचो, लोखंडी सळीनं खडकावर टोचून काढायचो, पाय कापायचे, मीठ झोंबायचं. हे सगळं त्या मालकिणीलाच सांगत होत्या, आणि ती बाई एक अक्षर न कळता मान डोलवत होती.

मालकिणीनं आम्हाला उघडून दाखवायला एक हातात घेतलं. हातमोजा घातला, सुरीचं टोक सांध्यात घातलं. सासूबाईंनी दहा सेकंद बघितलं आणि हात पुढे केला. "ती सुरी दी बघया."

मालकीण माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार? तिनं हातमोजा पुढे केला, तो सासूबाईंनी बाजूला ठेवला. पदर खोचला, पदराच्या टोकात कालव धरलं, सुरी घातली, मनगट फिरवलं. कट्. दुसरं. कट्. बारा कालवं होईपर्यंत मालकीण हात बांधून नुसती हसत होती.

"आजी, दॅट इज सो कूल!" मुलगी ओरडली. "हाऊ डिड यू लर्न?"

"तुझ्याएवढी होते ना, तेव्हापासून," आजी म्हणाली. मला त्या क्षणी त्या खरोखरच दहा वर्षांच्या वाटल्या.

मालकिणीनं लिंबू पिळून एक शिंपला त्यांच्यापुढे धरला. "कच्चं? शिव शिव!" सासूबाई मागे सरकल्या. बायकोनं ते समजावून सांगितलं तेव्हा मालकिणीनं बाजूची शेगडी पेटवली आणि आठ कालवं तिच्या जाळीवर ठेवली. पाच-सात मिनिटांत ती आपणहून उघडली. वास आला. मला तो वास ओळखीचा नव्हता, पण सासूबाईंच्या चेहऱ्यावर तो मला स्पष्ट दिसत होता.

मालकिणीनं गरम शिंपला बशीत घालून त्यांना दिला. त्यांनी बशी घेतली. ओठांपर्यंत नेली. आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मी एका हातात त्यांची शाल आणि दुसऱ्या हातात खिचडीचा डबा घेऊन उभा होतो.

बशी खाली आली. "नको," त्या म्हणाल्या, "आज रविवार. माझा उपास ना."

"रविवारी उपास?" बायको म्हणाली. "आई, लहानपणापासून बघतेय, रविवारी आपल्याकडे... थांब. बुधवार. शुक्रवार. रविवार." तिनं एकेक बोट मुडपलं आणि ती मटकन बाकावर बसली. हसतेय की रडतेय, कळेना.

मग तिनं मला सांगितलं, जे आख्ख्या कोकणाला माहीत आहे. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेले तीन माशांचे. त्या दिवशी ताटात मासे नसले तर माणूस ताटाकडे बघून सहज म्हणतो, "आज बुधवार ना?"

आणि मी त्यांना सहा आठवडे, बरोब्बर त्याच तीन दिवशी, साबुदाणा खायला घातला होता.

"अगं मग सांगायचं ना!" बायको म्हणाली.

"जावयाच्या घरात तोंडान कसा सांगतलंय, माका म्हावरा होया म्हणान?" सासूबाई म्हणाल्या. "त्यांनीच विचारलं, उपास आहे का. एकदा हो म्हटलं आणि मग... इतकं मनापासून करायचे. कसं नाही म्हणणार?"

मला फार लाज वाटली. खिचडीची नाही, तसली चूक माणसाच्या हातून होऊ शकते. लाज वाटली ती याची, की चिवडा खात ऐकलेल्या एका वाक्यापायी माझी बायको इतकी वर्षं घरी येऊन आधी दात घासत होती आणि एक म्हातारी बाई समुद्र सोडून माझ्याकडे आली ती तीन-तीन उपास करत होती. आणि मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आमच्याकडे कुणावर काही बंधन नाही.

मी डबा बाकावर ठेवला. बशी उचलून त्यांच्या हातात दिली. "आई, खा," म्हणालो. "गार होतंय."

त्यांनी खाल्लं. डोळे मिटून, हळूहळू. मग दुसरं. मग आठही. माझी खिचडी मालकिणीनं संपवली. तिला ती फार आवडली, हे इथे नमूद करून ठेवतो.

निघताना मी चार डझन कालवं बर्फात घालून मागितली. बायकोनं विचारलं, "कुठे शिजवायची? अंगणात?"

"घरात," मी म्हणालो. "मग गॅस कशाला घेतलाय?"

घरी पोचल्यावर सासूबाई त्यांच्या खोलीत गेल्या आणि सुटकेसच्या तळातून एक पुडकं घेऊन आल्या. तीन पिशव्या, त्यावर चिकटपट्टी. आत लाल मसाला आणि आमसुलं. म्हणजे त्या येताना आस धरून आल्या होत्या. सहा आठवडे ते पुडकं कपड्यांखाली तसंच पडून होतं. ते बघून बायकोनं तोंड फिरवलं आणि कांदे चिरायला घेतले, म्हणजे रडायची सोय झाली.

"एखादं जुनं पातेलं आहे का?" सासूबाईंनी मला विचारलं. "वेगळं ठेवता येईल असं. नंतर टाकलंत तरी चालेल."

मी वरच्या फळीवरून कढई काढली. जाड बुडाची, माझ्या आईनं पुण्याहून दिलेली. याच कढईत मी खिचडी करतो. ती गॅसवर ठेवली आणि नारळ फोडायला बसलो.

मी कालवं खाल्ली का? नाही. खाल्ली असं लिहिलं असतं तर गोष्ट छान झाली असती, पण आमच्या घरात खोटं बोलून झालंय तेवढं पुरे. रश्श्यात बोट बुडवून चाखलं मात्र, आणि पुन्हा बुडवलं. मुलीनं अकरा खाल्ली. बायकोनं किती खाल्ली ते मोजलं नाही, पण त्या रात्री ती दात न घासताच झोपली.

सोमवारी सकाळी सासूबाई चहा घेऊन माझ्यासमोर बसल्या. विमान कंपनीचा नंबर मी फोनवर काढून ठेवला होता. लावायचा की नाही, विचारायचा धीर होत नव्हता. बायको दारात उभी होती, गाडीची किल्ली हातात, ऑफिसला उशीर होत असूनही.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "एक सांगू का? सोमवारी माझा खरा उपास असतो. शंकराचा. तुम्ही ऑफिसला असता म्हणून कळलं नाही तुम्हाला. आणि आधीच तीन होते, चौथा कसा सांगायचा?"

"मग दुपारी काय खायचात?"

"केळं." त्यांनी कप खाली ठेवला. "ऑफिसला जायच्या आधी तेवढी खिचडी टाकता का? तुमच्या हातची चांगली असते हो. नुसती ती चुकीच्या वारी येत होती."

मी उठलो. साबुदाणा भिजलेला नव्हता, चार तास तरी लागणार होते. ऑफिसला कळवलं, आज घरूनच काम करतो.

मी साबुदाण्याचा डबा उघडत होतो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "आणि बुधवारी बांगडे कुठे मिळतील हो इथे?"

दारातून बायकोच्या हातातली किल्ली पडल्याचा आवाज आला. मी फोन उचलला आणि विमान कंपनीचा नंबर पुसून टाकला.