चार नट आणि दोन जाणकार

जळगावच्या तंत्रनिकेतनात मी एकवीस वर्षं मुलांना नट-बोल्ट शिकवतो. नटावर ताण कसा येतो, तो ढिला का होतो, हे मी फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवतो. प्रत्यक्षात गाडीच्या चाकाचा नट मी कधी हातात धरला नव्हता, आणि हे मला कोणी विचारलंही नव्हतं.

मागच्या वर्षी बायकोच्या भाचीचा साखरपुडा धुळ्याला होता. गाडीत मी, बायको आणि माझे साडू. साडू दीपनगरच्या वीजकेंद्रातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. तिथे त्यांच्या हाताखाली अडीचशे माणसं होती, त्यामुळे त्यांचे स्वतःचे हात अगदी मऊ राहिले होते.

एरंडोल मागे टाकलं आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. मागचं टायर पार बसलं होतं.

"काही नाही, दहा मिनिटांचं काम," साडू म्हणाले आणि कडुनिंबाच्या सावलीत जाऊन उभे राहिले. "मास्तर, आधी जॅक लावा."

मी जॅक लावला. चाक जमिनीपासून वीतभर उचललं गेल्यावर नटाला पाना लावून जोर दिला. नट हलला नाही. अख्खं चाकच फिरलं. पुन्हा जोर दिला, पुन्हा फिरलं. यावर आम्हा दोघांत बरीच चर्चा झाली. मी घर्षणावर बोललो, साडूंनी वीजकेंद्रातल्या एका टर्बाइनचा दाखला दिला.

बायको शालू सावरत रस्त्यावरच्या एका छोट्या पुलाच्या कठड्यावर बसली होती. ती म्हणाली, "अहो, गाडी खाली घ्या. चाक जमिनीला टेकलं की फिरणार नाही. नट सैल करा, मग उचला."

"तू बस, ऊन लागेल," मी म्हणालो.

पाच मिनिटांनी साडूंनी गाडी खाली घ्यायचा निर्णय जाहीर केला. नट सैल झाले. "अनुभव लागतो," ते म्हणाले.

स्टेपनी चढवली. गाडी अधांतरी असतानाच मी चारही नट ओळीने, घड्याळाच्या काट्यासारखे कसले. मग जॅक काढला, हात पुसले. साडूंनी माझी पाठ थोपटली. बायकोने विचारलं, "खाली घेतल्यावर परत कसायचे नसतात का?" आम्ही दोघंही हसलो.

पारोळा जवळ आला तसा मागून टकटक आवाज सुरू झाला. साडू म्हणाले, रस्ता खराब आहे. रस्ता तर नवा कोरा होता. आवाज वाढला तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, "दाजी, मी इथे उतरते. तुम्ही दोघं पुढे व्हा."

मी पारोळ्याच्या पहिल्याच पंक्चरच्या दुकानाशी गाडी उभी केली. दुकानातले नाना सत्तरीचे. त्यांनी खाली वाकून नुसत्या दोन बोटांनी नट फिरवला.

"हाई चाक कोनी बसाडं? बठ्ठा नट ढिला शेतस."

सगळेच नट ढिले, हे ऐकून मी दुकानाच्या पाटीकडे बघू लागलो. साडूंनी मात्र अभिमानाने सांगितलं, "हे इंजिनिअरिंगचे मास्तर आहेत."

"मंग बरोबर शे," नाना म्हणाले.

ते स्वतः काही करेनात. पाना त्यांनी माझ्या हातात दिला. पुन्हा जॅक लावायला लावला, चारही नट सैल करून हाताने बसवायला लावले. मग एक कसला की शेजारचा नाही, समोरचा. शेजारचा आधी आवळला तर चाक तिरकं बसतं, वरून ते घट्ट वाटतं आणि वजन आलं की सुटतं. गाडी खाली टेकवून त्याच क्रमाने शेवटचा जोर. साडू पान्यावर पाय ठेवायला पुढे सरसावले, तर नानांनी त्यांना बाजूला केलं. पायाच्या जोराने आटे जातात, हाताचाच जोर पुरे. हे सगळं मी फळ्यावर कितीदा सांगितलं होतं. तिथे चाक कधी निघालं नव्हतं, एवढाच फरक.

निघताना नानांनी सूचना दिली, धुळ्याला पोचलात की पुन्हा एकदा पाना लावून बघा. ही सूचना त्यांनी माझ्याकडे किंवा साडूंकडे बघून दिली नाही.

धुळ्याला मंगल कार्यालयाच्या दारात मुलाकडची मंडळी स्वागताला उभी होती. बायको उतरली, डिकी उघडली, शालूचा पदर खोचला आणि सगळ्यांदेखत चारही नट तपासले. त्यातला एक नट अर्धा आटा फिरला. मुलाची आजी माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाले येत नाही का?"

"शिकवता येतं," बायको म्हणाली आणि पाना माझ्या हातात देऊन आत गेली.